फिनिश लोककथा, चिनी शाई: अरोरा, बर्च आणि हिवाळ्यात वळणाऱ्या गुंडाळ्या

सायली_र

चीनमध्ये गोंगबी, म्हणजे बारीक रेषेची आणि थरावर थर चढवत रंगवायची पद्धत, रीतसर शिकलेली एक चित्रकार आता फिनलंडमध्ये स्थायिक झाली आहे आणि ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यातल्या प्रसंगांवर चित्रमालिका करते आहे. तिच्या कामावर मला मराठीत लेख लिहायचा आहे. अडचणी तिने सांगितल्या, पण त्यांची कारणं मला नीट कळली तरच त्या लेखात उतरतील. इथे चिनी चित्रपद्धतीचे आणि फिनिश लोकसाहित्याचे जाणकार आहेत, म्हणून विचारते.

अरोरा, म्हणजे उत्तरेच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश, रंगवताना सरस दिलेल्या ‘श्वान’ नावाच्या चिनी कागदावर मधेच गडद ठिपके उमटतात आणि रंगाच्या कडा कडक होतात. हे कागदामुळे होतं की हातामुळे?

खडक आणि झाडं शिकल्याप्रमाणे काढली की चित्र चीनमधल्या डोंगरांचं वाटतं, फिनलंडचं वाटत नाही. नेमकं काय बदलायला हवं?

लोउहीचं, म्हणजे ‘कालेवाला’तल्या उत्तर देशाच्या जादूगार मालकिणीचं, चित्र बघून फिनिश प्रेक्षक लगेच गाल्लेन-काल्लेला या फिनिश चित्रकाराचं नाव घेतात. त्यातून सुटका कशी होईल?

आणि शेवटचं: गुंडाळीच्या पद्धतीने मढवलेली चित्रं जानेवारीत कडांनी आत वळतात, हिरव्या रंगाला तडे जातात. असं का होतं?

हिंगूळ

ठिपके कागदामुळे, कडक कडा हवेमुळे. हाताचा दोष असलाच तर तिसऱ्या नंबरवर.

श्वान कागद आन्हुई प्रांतातल्या चिंग परगण्यात बनतो. छिंगथान झाडाची साल आणि भाताचा पेंढा हे त्याचे दोन घटक. कोरा कागद शाई पडताक्षणी पिऊन टाकतो. गोंगबीसाठी त्यावर सरस-तुरटीचं पाणी फिरवून ही शोषणशक्ती बंद करतात. तो थर सगळीकडे सारखा बसला नाही, किंवा ताव फार वर्षं पडून राहिल्याने कमजोर झाला, की उघड्या राहिलेल्या जागी रंग आत झिरपतो आणि ठिपका पडतो. पडलेला ठिपका निघत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधीच तपासावं: तावाच्या कडेला रुंद कुंचल्याने स्वच्छ पाण्याची पट्टी ओढायची आणि तिरप्या उजेडात बघायची. पाणी वर चमकत राहिलं तर कागद ठीक. मधेमधे चमक मरून ओले डाग दिसले, तर तिथला सरस गेला.

तसा ताव टाकून द्यायची गरज नाही, मागच्या बाजूने पुन्हा सरस देता येतो. एक लिटर पाण्याला 14 ग्रॅम सरस आणि 6 ग्रॅम तुरटी, म्हणजे सातास तीन हे जुनं प्रमाण. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, मग भांडं गरम पाण्यात ठेवून 60 अंशांच्या आत विरघळवायचा. उकळी आली तर त्याचा चिकटपणा जातो. तुरटी वेगळ्या पाण्यात विरघळवायची आणि सरस कोमट झाल्यावरच त्यात ओतायची. मग मऊ, रुंद कुंचल्याने एकाच दिशेने एक हात, आणि पूर्ण वाळल्यावर आडव्या दिशेने दुसरा. ‘जरा जास्त घट्ट राहील’ म्हणून तुरटी वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. जास्त तुरटीने कागद आम्लधर्मी होऊन ठिसूळ आणि पिवळा पडतो, वर बारीक स्फटिक चमकतात आणि रंग धरत नाही.

आता कडा. गोंगबीत एका हातात दोन कुंचले असतात: एकाने रंग ठेवायचा, दुसऱ्या नुसत्या ओल्या कुंचल्याने त्याची कड विरवायची. या दोन कृतींमध्ये जो वेळ मिळतो तो हवेतल्या दमटपणावर ठरतो. फिनलंडमध्ये कडाक्याच्या थंडीत तापवलेल्या घरातली सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते. पाण्याचा कुंचला पोचायच्या आत रंगाची कड वाळलेली असते, मग ती कितीही घासा. खोलीची आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास ठेवावी, कागदाच्या मागून बारीक फवारा द्यावा, आणि एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्यावा.

अरोराच्या रंगाबद्दल माझं ठाम मत आहे. काळ्या आकाशावर वरून मॅलाकाइट या खनिजाचा हिरवा चढवला तर तो कधीही उजळत नाही. मॅलाकाइट अपारदर्शक आणि दाणेदार असतो, गडद शाईवर तो मातकट बसतो. प्रकाशाची जागा आधीपासून कोरी राखायची आणि आकाश तिच्याभोवती गडद करत न्यायचं. पातळ शाईचे आठ-दहा हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. दर तीन हातांनंतर वर सांगितलेल्या सरस-तुरटीच्या पाण्याचा, आणखी दुप्पट पातळ करून, एक हात, म्हणजे खालची शाई उठत नाही. शाई कांडी उगाळूनच घ्यावी. पाइनच्या काजळीची शाई मंद आणि किंचित निळसर असते, तेलाच्या काजळीची चकाकणारी आणि उबदार. हिवाळी आकाशाला पाइनची.

हिरवा द्यायचा तो मागच्या बाजूने. सगळ्यांत बारीक दळलेला मॅलाकाइट घ्यायचा, कारण दाणा जितका बारीक तितका रंग फिका, आणि तो चित्राच्या पाठीवर लावायचा. पुढून नुसती आभा दिसते. रेशमावर हे सर्वांत छान साधतं, कारण विणीतून रंग दिसतो. कागदच हवा असेल तर ‘सिकाडाचा पंख’ या नावाने मिळणारा पातळ सरसवाला श्वान घ्यावा.

आकारही पाळायला हवा. हिरवा प्रकाश साधारण 100 ते 150 किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. पडद्याची खालची कड ठळक आणि वरची विरत जाणारी. ऑक्सिजनचा लाल हिरव्याच्या वर असतो, खालच्या कडेला कधीकधी दिसते ती नायट्रोजनची गुलाबी किनार. उलट रंगवलेला अरोरा तिथल्या माणसाला लगेच खटकतो.

पाणवठा

हिंगूळ यांचा प्रतिसाद नेमका आहे. रेशमाबद्दल एकच शंका: ताणलेलं रेशीम आर्द्रता बदलली की सैल आणि ताठ होत राहतं, आणि मागचा मॅलाकाइट जाड असेल तर तो सुटतो. मागून रंग द्यायचाच असेल तर दोन अगदी पातळ हात, त्याहून जास्त नाही.

मी खडक आणि झाडांविषयी लिहितो. चिनी निसर्गचित्रात खडकाचा पोत दाखवायला ‘त्सुन’ नावाचे ठरलेले फटकारे असतात, आणि ते प्रत्यक्ष भूगोल बघून घडलेले आहेत. फान ख्वानचे पावसाच्या थेंबांसारखे ठिपके उत्तरेकडच्या उभ्या कड्यांचे, दोंग युआनचे अंबाडीच्या धाग्यांसारखे लांब फटकारे दक्षिणेकडच्या मऊ, मातीच्या टेकड्यांचे, ली थांगचे कुऱ्हाडीच्या घावासारखे तुटक फटकारे फुटलेल्या खडकाचे. फिनलंडचा खडक यांतला कुठलाच नाही. तो बहुतेक ग्रॅनाइट आणि नाइस, आणि हिमयुगातल्या बर्फाच्या थराने घासून गोल केलेला. कुऱ्हाडीचे घाव सगळीकडे मारले की तो चीनचाच डोंगर होणार.

या खडकाला दोन बाजू असतात हे लक्षात घेतलं तर वाट सापडते. ज्या बाजूने बर्फ आला ती गुळगुळीत आणि उतरती. तिथे फटकारे नकोत, ओल्या शाईचा एकच सपाट हात आणि त्यावर घर्षणाचे समांतर, जेमतेम दिसणारे कोरडे ओरखडे. पलीकडच्या बाजूने बर्फाने दगड उपटून नेलेले असतात, म्हणून ती तुटकी आणि पायऱ्यापायऱ्यांची. कुऱ्हाडीचे घाव फक्त तिथे, आणि छोटे. शेवाळाचे हिरवे ठिपके देण्याची चिनी सवयही आवरावी. उघड्या ग्रॅनाइटवर राखाडी दगडफुलांची वर्तुळं असतात आणि पाइनच्या जंगलात जमिनीवर फिकट दगडफुलांचा थर. शिंपल्यांच्या पांढऱ्या भुकटीत कणभर हिरवा मिसळून कोरड्या कुंचल्याने टेकवलं की काम होतं.

रचनेत उंची शोधू नये. क्वो शीने अकराव्या शतकात अंतराचे तीन प्रकार सांगितले: खालून वर बघणं, डोंगरांच्या आत खोल बघणं आणि समोर सपाट लांबवर बघणं. फिनलंडसाठी तिसरा. राष्ट्रीय निसर्गदृश्य म्हणून ज्याची चित्रं पिढ्यान्‌पिढ्या काढली गेली ते उक्को-कोली शिखरसुद्धा 347 मीटर उंच आहे. सरोवर, बेटं, पलीकडे जंगलाची काळी पट्टी, एवढ्यावर चित्र उभं राहायला हवं. त्याचा सर्वांत चांगला गुरू चौदाव्या शतकातला नी झान: पुढे एक किनारा आणि चार-सहा विरळ झाडं, मधे कोरं पाणी, मागे बसक्या टेकड्या. त्याच्या आडव्या, शेवटाला मुडपलेल्या कोरड्या फटकाऱ्यांची थरांची खडकपद्धत फिनिश किनाऱ्याला जवळपास तशीच लागू पडते.

बर्चसाठी बाह्यरेषा काढूच नये. कोऱ्या, बिनसरसाच्या कागदावर खोड राखून ठेवायचं आणि मागची जमीन फिक्या शाईने गडद करायची. मग कुंचला आडवा धरून, जवळजवळ कोरडा करून, खोडाच्या सावलीच्या बाजूने एकदाच खालून वर ओढायचा. शाईत नीळ अगदी थोडी. सालीवरच्या आडव्या रेघा टोकाने, तुटक, वेगवेगळ्या लांबीच्या, आणि खोडाच्या गोलाईबरोबर किंचित वळणाऱ्या. त्या सरळ मारल्या की खोड चपटं होतं. चुकण्याची खरी जागा बुंध्याशी आहे. सिल्व्हर बर्चचा बुंधा वय वाढेल तसा काळा, जाड आणि खोल भेगांचा होतो आणि डहाळ्या खाली लोंबतात. डाउनी बर्चची साल बुंध्यापर्यंत गुळगुळीत राहते, डहाळ्या लोंबत नाहीत. लॅपलंडमधल्या उघड्या टेकड्यांवरचा बर्च बुटका, वाकडा आणि एकाच मुळातून तीन-चार खोडांचा असतो. पोह्योला या ‘कालेवाला’तल्या उत्तर देशातल्या प्रसंगात दक्षिणेतला उंच, लोंबता बर्च आला की जागा चुकली.

बर्फ पांढऱ्या रंगाने भरू नये, कोऱ्या कागदानेच दाखवावा. शिंपल्यांची भुकटी फक्त शेवटी, पडणाऱ्या बर्फासाठी कुंचला दुसऱ्या दांडीवर आपटून उडवायला. तीही आधी रद्दी तावावर, कारण पहिले चार शिंतोडे हमखास मोठे पडतात.

रुनोवाचक

लोउहीच्या प्रश्नाचं उत्तर मूळ ओळींत आहे. एलियास ल्योन्रोतने ‘कालेवाला’ 1835 मध्ये छापलं, आणि आज जे वाचलं जातं ते 1849 चं वाढवलेलं: 50 गीतं, 22,795 ओळी. आक्सेली गाल्लेन-काल्लेलाचं ‘सांपोचं रक्षण’ 1896 चं, ते तुर्कूच्या कलासंग्रहालयात आहे. फिनलंडमध्ये लोउही म्हटलं की डोळ्यांपुढे तेच चित्र येतं. त्याच कोनातून, तसंच नावेवर झेपावताना काढलं की तुलना होणारच, तंत्र कितीही वेगळं असो.

त्रेचाळीसाव्या गीतात नीट बघा. लोउहीची नाव खडकावर फुटते. त्या फुटक्या नावेच्या बाजू ती पंख करते, सुकाणू शेपूट करते, पाच कोयते आणि सहा झिजलेली कुदळी नख्यांच्या जागी लावते. पंखाखाली शंभर माणसं, शेपटीवर हजार. म्हणजे हा पक्षी सुतारकामाचा आणि लोहारकामाचा आहे. चिनी चित्रपद्धतीत अशा वस्तूंसाठी एक स्वतंत्र शाखाच आहे: ‘ज्येहुआ’, पट्टी आणि खाचेची काठी वापरून इमारती, नावा, गाड्या काढण्याची. पंखांच्या फळ्या, त्यांचे सांधे, खिळे ज्येहुआच्या ताठ रेषेत आणि मधला देह मुक्तहस्त ओल्या शाईत काढला, तर एकाच प्राण्यात दोन रेषा भिडतात. तेलरंगातल्या त्या चित्रात हे नाही आणि ओळींत मात्र आहे. मालिकेतलं सर्वांत सशक्त चित्र इथून निघू शकतं असं मला मनापासून वाटतं.

सांपोचंही तसंच. एका बाजूने पीठ, दुसरीकडून मीठ, तिसरीकडून नाणी देणारं जादूचं जातं आणि त्याचं रंगीबेरंगी झाकण, इतकंच वर्णन आहे. ठरलेला आकार नाही, त्यामुळे चित्रकाराला इथे पूर्ण मोकळीक.

जिथे मोकळीक नाही अशा जागा लेखात जरूर याव्यात. तुओनेलाचा, म्हणजे मृतांच्या देशातल्या नदीवरचा, हंस व्हूपर जातीचा काढावा: मान ताठ, चोच काळी आणि मुळाशी पिवळी. नारिंगी चोचीचा, मान बाकदार ठेवणारा म्यूट हंस दक्षिणेत दिसतो, पण उत्तरेच्या काळ्या नदीवर तो परका आहे. कपडे जाड लोकरीचे आणि तागाचे, पायांत बर्चच्या सालीच्या पट्ट्या विणून केलेले जोडे. चिनी परंपरेत वस्त्राच्या रेषांचे अठरा प्रकार मानतात. त्यांतली रेशमी तंतूसारखी वाहणारी रेषा वैनामोइनेनला, म्हणजे ‘कालेवाला’च्या वृद्ध नायकाला, दिली तर तो दरबारी ऋषी होतो. मोडलेल्या बोरूसारखी कोनाकोनांची रेषा जाडाभरड्या कापडाला शोभते. कांतेले हे तंतुवाद्य, आणि ती दोन आहेत: चाळीसाव्या गीतातलं मोठ्या पाइक माशाच्या जबड्याचं आणि ते समुद्रात गेल्यावर चव्वेचाळीसाव्यातलं बर्चचं. प्रसंग कुठला त्यावर वाद्य ठरतं.

अरोराबद्दल लोकसमजूत अशी की टेकड्यांवरून धावणाऱ्या कोल्ह्याची शेपटी बर्फावर आपटते आणि ठिणग्या आकाशात उडतात. चित्रात कोल्हा दाखवायलाच हवा असं नाही, पण हा प्रसंग असेल तर प्रकाशाचं मूळ टेकडीच्या कडेला टेकलेलं हवं. आकाशात अधांतरी नको.

आणि एक गंभीर गोष्ट. सामी लोकांचे ढोलांवरचे आकार, त्यांचा पोशाख, त्यांचे नक्षीपट्टे ‘फिनिश लोककथा’ म्हणून वापरू नयेत. सामी हा स्वतःच्या भाषा आणि परंपरा असलेला वेगळा समाज आहे, आणि अशी उसनवारी तिथे योग्य कारणाने खपवून घेतली जात नाही. ‘कालेवाला’ची गीतं मुख्यतः करेलियात, म्हणजे फिनलंड-रशिया सीमेवरच्या प्रदेशात, गोळा झाली. एखाद्या प्रसंगाचे वेगवेगळे मूळ पाठ हवे असतील तर जुन्या फिनिश लोकगीतांचे 34 खंड आहेत आणि ते इंटरनेटवर खुले आहेत. ल्योन्रोतने न घेतलेल्या ओळी तिथे सापडतात, आणि चित्रकाराला त्या सोन्यासारख्या आहेत.

सायली_र

सगळ्यांचे मनापासून आभार. ज्येहुआचा मुद्दा वाचून लोउहीचं चित्र वेगळंच दिसायला लागलं, तिला आजच कळवते. मढवण्याबद्दल कुणी सांगेल का? आणि गुंडाळी सोडून चौकटीत लावणं हा पराभव मानायचा का?

खळकरी

चौकट लावण्यात पराभव कसला? खनिज रंगांचा जाड थर असलेलं चित्र गुंडाळूच नये, चीनमध्येही ते सपाट ठेवणं श्रेयस्कर मानतात. गुंडाळताना रंगाचा थर वाकतो, कोरड्या हवेत त्यातला सरस ताठ झालेला असतो, आणि मॅलाकाइटला आडवे तडे जातात. तिच्या हिरव्याचं हेच झालं असणार. शाईची आणि वनस्पतिजन्य रंगांची चित्रं गुंडाळीत, मॅलाकाइट-अ‍ॅझुराइटसारख्या खनिज रंगांची चौकटीत, अशी सरळ वाटणी करावी.

कडा वळतात त्याचं कारण थरांतला तणाव. गुंडाळीत चित्र, त्यामागचा कागद, बाजूचं रेशीम आणि शेवटचा पाठीचा कागद असे थर खळीने जोडलेले असतात. हवा कोरडी झाली की प्रत्येक थर वेगवेगळा आकसतो, आणि खळ जितकी घट्ट तितकी ओढ जास्त. म्हणून खळ पातळ हवी. गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन धुऊन काढून उरलेला निव्वळ स्टार्च घ्यायचा, एक भाग स्टार्च आणि चार-पाच भाग पाणी मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, गार झाल्यावर चाळणीतून घासून काढायचं. मग चित्राच्या पाठीला कागद लावण्यासाठी ती दुधाइतकी पातळ करायची. ग्लुटेन राहिलं तर पाठ कडक होते आणि कीड लागते.

मढवण्याआधी शाई फुटते का ते बघणं अत्यावश्यक. गडद आकाशाच्या कोपऱ्यावर ओला पांढरा टिपकागद दाबायचा. काळं उमटलं तर आधी मागून पातळ सरस-तुरटी, मगच खळ. बाटलीतली शाई आणि रात्रभर ठेवून शिळी झालेली शाई या दोन्ही इथे दगा देतात. शिळ्या शाईतला सरस कुजलेला असतो, ती सालीच्या पोतासाठी सुंदर दिसते पण पाण्याने पसरते.

वाळवणं हा हिवाळ्यातला सर्वांत धोक्याचा टप्पा. पाठ लावलेलं चित्र फक्त कडांना सेंटिमीटरभर खळ लावून फळीवर चिकटवतात आणि ते ताणत वाळतं. 20 टक्के आर्द्रतेत ते इतक्या वेगाने आकसतं की कडेला फाटतं. खोली 50 ते 55 टक्क्यांवर आणावी, फळी आधी ओलसर पुसून घ्यावी, पहिला दिवस वरून सैल पातळ प्लास्टिक टांगून ठेवावं. कडेला एका जागी कागदाची छोटी पट्टी खळीविना सोडावी, नंतर तिथूनच बांबूची सुरी आत घालून चित्र सोडवता येतं. फळीवर निदान दोन आठवडे राहू द्यावं. घाईने काढलेलं चित्र पहिल्याच थंडीत वळतं.

लावायची जागा: फिनिश घरांत रेडिएटर बहुतेक खिडकीखाली असतात, त्यामुळे खिडकीलगतची भिंत टाळावी. चौकटीत काच आणि चित्र यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटर अंतर राहील अशी पट्टी घालावी, पाठीमागचा पुठ्ठा आम्लमुक्त घ्यावा आणि चित्र त्यावर पूर्ण न चिकटवता फक्त वरच्या कडेला कागदी बिजागऱ्यांनी टांगावं, म्हणजे त्याला आकसायला जागा राहते.

जानेवारीत भिंतीवरून काढलेली गुंडाळी लगेच गुंडाळू नये. आधी 45 ते 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत एक-दोन दिवस टांगावी, कडा सरळ झाल्यावर जाड नळीवर सैल गुंडाळावी. आधीच वळलेल्या कडा उलट्या बाजूने दाबून सरळ करायला जाऊ नये, रेशीम आणि कागद यांचा सांधा तिथेच सुटतो. मागून हलका फवारा, वर टिपकागद आणि सपाट फळी, रात्रभर. त्यानेही कड परत वळली तर मढवण सोडवून पातळ खळीने नव्याने करावी लागते, आणि स्टार्चची खळ पाण्याने सुटत असल्याने ते शक्य असतं. लाकूडकामाचा पांढरा गोंद वापरला असेल तर मात्र चित्र सोडवणं जवळपास अशक्य, तेवढं तिला आधी विचारून घ्या.